दसऱ्याला सांगायची भाकितं

गुरुदत्त काकांच्या घरी दसऱ्याला दोन गोष्टी ठरलेल्या असत. सोनं वाटायचं आणि हॉकीची भाकितं सांगायची. सोनं शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या बहुतेक मराठी घरांत वाटतात, भाकितं मात्र फक्त इथेच.

हॉकी म्हणजे बर्फावरची. काका तरुणपणी सांगलीहून इथे इंजिनिअरिंग शिकायला आले. पहिल्याच हिवाळ्यात खोलीतलं हीटिंग बंद पडलं, म्हणून रूममेटबरोबर ऊब शोधत शिकागोच्या स्टेडियममध्ये गेले. ऊब शोधायला बर्फाच्या मैदानाकडे जाणारा हा एकच माणूस असेल. पण तिथे जे खुळावले ते कायमचे. लग्न झालं, घर झालं, मिहीर झाला, रिटायर झाले, तरी खूळ काही उतरलं नाही. हॉकीचा सीझन नेमका दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे काकांच्या लेखी दोन्ही मिळून एकच सण. जेवणं उरकली की सगळ्यांनी हॉलमध्ये गोल करून बसायचं आणि एकेकानं या खेळाचं पुढे काय होणार ते सांगायचं. कोणती टीम कप उचलणार, कोणत्या शहराला नवी टीम मिळणार, वीस वर्षांनी हा खेळ कसा असणार, काहीही चालत असे.

अट एकच होती. भाकीत चांगलंच पाहिजे. कारण वास्तू तथास्तु म्हणते. घर ऐकत असतं, आणि आपल्या तोंडून निघालेल्या कोणत्या शब्दाला ते 'तसंच होवो' म्हणेल याचा नेम नसतो. त्यात दसऱ्याचा दिवस. एका वर्षी गिरीश काकांनी, म्हणजे काकांच्या जुन्या डेंटिस्ट मित्रानं, सहज म्हटलं की आपल्या गोलकीपरचा गुडघा काही बरा दिसत नाही. नाताळच्या आत तो गुडघा गेला. तेव्हापासून गिरीश काकांना दर दसऱ्याला सगळ्यांसमोर आठवण करून दिली जाई, आणि बिचारे आपण हातोडी घेऊन गेलो होतो अशा चेहऱ्यानं ऐकून घेत.

शंतनूला हे सगळं आवडायचं. नागपूरहून तो इथे आला तेव्हा त्याला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी त्याला धरला. काकांच्या सीझन तिकिटांच्या दोन खुर्च्या होत्या, वरच्या मजल्यावर, शेजारी शेजारी. दुसरी मिहीरची. मिहीर सिॲटलजवळ बेलव्ह्यूला नोकरीला गेल्यापासून ती मोकळीच होती. काका शंतनूला म्हणाले होते, "ही आजपासून तुझी." परक्या देशात आपल्याला कोणी खुर्ची दिली, हे शंतनूच्या मनात फार खोल गेलं होतं. त्यानं आकडेवारीचा छंद लावून घेतला, कोण किती शॉट मारतो, कोणाचं वय काय, पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, कोण. हळूहळू मंडळींत त्याच्या शब्दाला वजन आलं. बाकीचे बोलतात, शंतनू बघून बोलतो, असं काका स्वतः सांगत.

या वर्षी मात्र तो हॉकीसाठी चाललेला नव्हता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याची नोकरी गेली होती. एका सकाळच्या मीटिंगमध्ये अख्खी टीम बाद झाली. व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर जेमतेम दोन महिने मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर बिस्तरा गुंडाळायचा. त्यानं अर्जांचा सपाटा लावला होता, आणि कुठूनही साधं नाही म्हणून सुद्धा उत्तर येत नव्हतं. एकच दार उघडेल असं वाटत होतं. मिहीर बेलव्ह्यूला एका मोठ्या कंपनीत डिरेक्टर होता आणि माणसं घ्यायचं काम त्याच्याच हातात होतं. पण शंतनूनं मिहीरला पाहिलं होतं ते फक्त टॅबलेटच्या काचेत, दसऱ्याला, दोन-चार मिनिटं. काकांनी शब्द टाकला तरच काही होणार होतं.

"मग आजच फोन कर ना काकांना," त्याची बायको शिवांगी त्याला पहिल्या आठवड्यापासून सांगत होती.

"फोनवर कसं सांगू? दसऱ्याला जातोच आहोत. तेव्हा बोलतो. चांगला दिवस आहे."

"नोकरीला कसला मुहूर्त, शंतनू?"

"साडेतीन मुहूर्तांतला एक आहे. आई पण तेच म्हणाली."

शिवांगीनं हात टेकले. ती स्वतः पुण्याच्या कंपनीत चांगली नोकरी सोडून आली होती. इथे त्याच्या व्हिसावर बसून राहिली होती, आणि आता तोच व्हिसा चालला होता. "दोन हजार चाळीस साली लीगमध्ये किती टीम्स असतील ते तू सांगतोस," ती म्हणाली. "आपण डिसेंबरला कुठे असू, ते सांग की जरा." त्यानं लॅपटॉप ओढून आणखी एक अर्ज भरायला घेतला.

दसरा गुरुवारी होता, पण सगळ्यांच्या सोयीनं शनिवारी केला. वसुधा काकूंनी पुऱ्या तळल्या होत्या, श्रीखंड देशी दुकानातलं असलं तरी वरून केशर घरचं होतं. इथे आपट्याची पानं कुठून मिळणार? काकांच्या मागच्या अंगणात रेडबडचं झाड होतं, बदामाच्या आकाराच्या पानांचं. ऑक्टोबर लागला की ती पानं पिवळीधमक होत. काकू तीच तोडून देवापुढे ठेवत. आपट्याच्या पानाहून हीच जास्त सोन्यासारखी दिसतात, असं सगळे म्हणत, आणि ते खरंही होतं.

जेवताना शंतनू पुरी नुसतीच मोडत होता. काकूंनी दोनदा आग्रह केला आणि जरा जास्तच मायेनं केला. "घे रे, पोटभर जेव," असं म्हणताना त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला बरं वाटलं. आपल्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, अशी शंकाही आली, पण ती त्यानं झटकून टाकली.

मग मंडळी गोल बसली. गिरीश काका पोळलेला माणूस, ते जपूनच बोलले. "अटलांटाला पुन्हा टीम मिळणार. दोनदा मिळाली, दोनदा गेली. या खेपेला टिकणार."

"तथास्तु!" सगळे म्हणाले.

"जाते कशी पण टीम?" सिद्धेशनं विचारलं. हा पुण्याचा नवा मुलगा, गेल्या वर्षीच आलेला, एकटाच राहणारा.

"मालक उचलून नेतो," गिरीश काका म्हणाले. "त्या ॲरिझोनाच्या टीमचं बघ ना. उचलली आणि युटामध्ये नेऊन ठेवली. तिकडच्या लोकांना कोण विचारतो!"

शंतनू नको तितका मोठ्यानं हसला. शिवांगीनं त्याच्याकडे पाहिलं.

वीणा काकूंनी, म्हणजे गिरीश काकांच्या बायकोनं, सांगितलं की हातमोजे टाकून बुक्क्या मारायची ती पद्धत दहा वर्षांत बंद पडणार. सिद्धेशनं थेट मुंबईत लीगची मॅच ठेवली, एसी स्टेडियममध्ये, वडापावसकट. शंतनूची सहा वर्षांची मुलगी कादंबरी म्हणाली, "The Zamboni will drive itself." बर्फ गुळगुळीत करणारं ते यंत्र आपोआप चालणार, या भाकितावर सगळ्यांत मोठं तथास्तु झालं. इतका आनंदी गोतावळा कोणाला आवडणार नाही? या घरात भविष्यकाळ नेहमी असाच, केशर घातलेला असायचा.

मग काका सरसावून बसले. "येत्या तीन सीझनमध्ये कप शिकागोला येणार. हे माझं भाकीत. मी डोळे मिटायच्या आत एकदा तो परत बघणार. शंतनू, तू सांग आता. तू बघून बोलतोस."

शंतनूनं बघितलंच होतं. नोकरी गेल्यावर आकडे बघायला वेळच वेळ होता. पोरं गुणी होती, पण कोवळी. बचावफळी म्हणजे भगदाड. तीन सोडा, दहा वर्षांत कपाचा वासही लागण्याची चिन्हं नव्हती. दर वर्षी तो अशा वेळी अट मोडायला नको म्हणून बाजूचं काहीतरी सांगे, अमुक पोरगा चमकेल, तमुक ड्राफ्ट चांगला जाईल. खोटं कधी बोलत नसे. ती एक त्याची ऐट होती.

आज त्यानं काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग मांडीवर कादंबरीला घेऊन बसलेल्या शिवांगीकडे.

"तीन कशाला, काका? दोन," तो म्हणाला. "नंबर्स तेच सांगताहेत. डिफेन्स तर लीगमध्ये टॉपला जाईल."

काकांनी टाळी वाजवली. ते उठून आले आणि त्यांनी शंतनूच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "ऐकलंत? हा बघून बोलतो हं! आणि मी अजून एक सांगतो. दोन हजार पस्तीस सालीसुद्धा हा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असणार. याची खुर्ची कोणाच्या बापाला मिळणार नाही!"

"तथास्तु!" हॉल दुमदुमला.

शंतनूचे डोळे भरून आले. एवढ्या भल्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं म्हणून त्याला स्वतःची किळस आली होती, पण आता काम होणार याची खात्रीही वाटली. काका कोल्ड ड्रिंकचे कॅन आणायला गराजमध्ये गेले, तसा तो मागोमाग गेला.

"काका, एक बोलायचं होतं. माझ्या जॉबचं जरा…"

काकांनी हात वर केला. "आज नाही."

"नाही, काका, म्हणजे वेळ फार थोडा…"

"अरे, सणाचा दिवस, भरलं घर. आज तोंडातून वाईट काढायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते, माहीत आहे ना? सगळं छान होणार आहे तुझं. आत्ताच सगळ्यांनी म्हटलं की नाही?" त्यांनी दोन्ही हातांत कॅन घेतले आणि दार पायानं ढकलून आत गेले.

शंतनू गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. ज्या दिवशी चांगलंच बोलायचं असतं, नेमका तोच दिवस त्यानं आपली अडचण सांगायला निवडला होता. आईचा मुहूर्त, त्याचा मुहूर्त, आणि महिनाभर गप्प बसणं. असा गाढवपणा दुसऱ्या कोणी केला नसता.

हॉलमध्ये मिहीरचा व्हिडिओ कॉल लागला होता. टॅबलेट या हातातून त्या हातात फिरत होता. मिहीर दर वर्षी सिॲटलच्या टीमचं भाकीत सांगे, कारण आता तो तिकडचा, आणि काका दर वर्षी फुरंगटून बसत. टॅबलेट आपल्याकडे आला तसा शंतनू तो घेऊन सरळ मागच्या सनरूममध्ये गेला. त्यानं लाज गुंडाळून ठेवली आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं.

मिहीरचा चेहरा बदलला. "ओह नो. मॅन, आय ॲम सो सॉरी. मला कोणी बोललंच नाही. आमच्याकडे सेम पोझिशन होती, तुझ्याच कामाची. लास्ट वीक क्लोज झाली. व्हिसा ट्रान्सफर वगैरे सगळं केलं असतं."

"लास्ट वीक?"

"या. मी बाबांना विचारलं पण होतं, टू वीक्स आधी. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी जॉबसाठी लुकिंग आहे का? ते म्हणाले, नाही रे, इथे सगळे सेटल्ड आहेत." मिहीर स्क्रीनजवळ आला. "त्यांना माहीत नसणार ना. तू सांगितलं नव्हतंस?"

"नाही," शंतनू म्हणाला. "माझंच चुकलं."

त्याला खरंच तसं वाटलं. काकांना बिचाऱ्यांना काय माहीत? आपण तोंड शिवून बसलो. शिवांगी सांगत होती तेव्हाच फोन केला असता तर आज पेढे घेऊन आलो असतो. घाव आपलाच आणि कुऱ्हाडही आपलीच, अशा विचारात तो टॅबलेट ठेवून बाहेरच्या खोलीत आला, बूट घालायला. शिवांगी आधीच कादंबरीला घेऊन गाडीत बसली होती. काकांशी बोलणं झालं असेल आणि ते सावकाश होऊ द्यावं, असं तिला वाटलं असावं.

बुटांपाशी सिद्धेश होता. तो अवघडून म्हणाला, "शंतनू, यार, एक सांगू का? तुला राग नाही ना आला? सीटचा."

"कुठल्या सीटचा?"

"काकांच्या शेजारच्या. मी त्यांना म्हटलं होतं की आधी शंतनूला विचारा. ते म्हणाले, तो बहुतेक इंडियाला परत जाणार, त्याचा जॉब गेलाय, आता सीट रिकामी ठेवून काय उपयोग." सिद्धेशला शंतनूच्या चेहऱ्यावरून काहीतरी चुकल्याचं कळलं. "आय थॉट तुला माहीत आहे. टेंपलमध्ये कोणीतरी काकूंना सांगितलं म्हणे."

"कधी म्हणाले हे काका?"

"गणपती विसर्जनाच्या पुढच्या वीकएंडला."

म्हणजे तीन आठवडे झाले. मिहीरनं विचारलं तेव्हा काकांना माहीत होतं. दोन हजार पस्तीसचं भाकीत सांगत खांद्यावर हात ठेवले तेव्हा माहीत होतं, आणि गराजमध्ये हात वर केला तेव्हाही. काकूंचा पाठीवरचा हात म्हणजे निरोपाचा हात होता. पोराकडे शब्द टाकायचा म्हणजे पोराचं ऋण घ्यायचं, उद्या माणूस वाईट निघाला तर ऐकून घ्यायचं. एवढा त्रास कोण घेणार? त्यापेक्षा तथास्तु म्हटलेलं बरं. त्याला काही लागत नाही.

शंतनू बूट न घालता परत आत गेला.

हॉलमध्ये सोन्याची देवाणघेवाण चालली होती. काकांनी त्याला पाहून पिवळं पान पुढे केलं. "ये, ये. सोनं घे, सोन्यासारखा राहा." सवयीनं त्याची कंबर वाकायला निघाली होती. ती त्यानं मध्येच थांबवली.

"काका, मघाशी मी खोटं बोललो."

"कशाबद्दल?"

"टीमबद्दल. डिफेन्स कसलं टॉपला जातंय! दोन वर्षांत नाही, तीन वर्षांत नाही, दहा वर्षांतही तो कप इथे येत नाही. तुम्ही तो परत बघणार नाही." त्याचा आवाज चढला नव्हता, तो अगदी आकडेवारी सांगताना असे तसाच होता. "आणि माझी खुर्ची तुम्ही सिद्धेशला दिलीत, ते बरं केलंत. मिहीरनं विचारलं तेव्हा मी सेटल्ड आहे असं सांगितलंत, ते मात्र…" पुढचं त्याला बोलवेना.

वीणा काकूंचा हात तोंडावर गेला. वसुधा काकू खाली बघत देवापुढची पानं उगाच सारखी करू लागल्या. कोणी तथास्तु म्हटलं नाही. काका पांढरेफटक पडले होते. शंतनूला वाटलं, लागलं. निदान लागलं तरी. तो वळला, बूट हातात घेऊन मोज्यांवरच ड्राइव्हवेवर गेला आणि गाडीत बसला.

"एवढा वेळ?" शिवांगीचा चेहरा उजळला होता. "बोललास ना?"

तो किल्ली शोधत असताना घराचं दार उघडलं. काका बाहेर आले, अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. आपल्या वयाला शोभणार नाही अशा लगबगीनं ते गाडीकडे येत होते.

"काका येताहेत!" शिवांगीनं त्याचा दंड घट्ट धरला. "शंतनू, थांब. ऐकून घे. सांगितलं असेल मिहीरला काहीतरी. थांब ना!"

काकांनी काचेवर टकटक केलं. शंतनूनं काच खाली घेतली. म्हाताऱ्याला धाप लागली होती आणि डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. शंतनूनं इतकी वर्षं शेजारी बसून त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, हातातली मॅच हरल्यावर सुद्धा नाही. एका क्षणापुरती त्यालाही आशा वाटली, आणि त्या क्षणाचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त चीड आली.

"शंतनू," काका म्हणाले, "बाकी तू काय बोललास ते असू दे. मी मनावर घेत नाही. पण घरात बोललास रे, दसऱ्याच्या दिवशी. मंगळवारपासून सीझन आहे." त्यांनी काचेच्या कडेवर हात ठेवला. "ते टीमचं तेवढं मागे घे. चल आत, एकदाच म्हण. तू म्हणालास म्हणजे होईल."

शंतनू त्यांच्या हाताकडे बघत राहिला. मघाचं पिवळं पान अजून त्या बोटांत होतं, चुरगळलेलं. त्यानं हळूच बटण दाबलं आणि काच वर येऊ लागली तसा काकांनी हात काढून घेतला.

त्यानं गाडी मागे घेतली. काका ड्राइव्हवेवर तसेच उभे होते, हात जोडल्यासारखे.

शिवांगी मागे वळून पाहत होती. "काय म्हणत होते? आपल्याबद्दलच ना?"

"नाही," शंतनू म्हणाला.